साठ फॉर्म आणि एक नमुना

शाळेतल्या शिपायाचं काम म्हणजे घंटा देणं, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. घंटा दिवसातून नऊ-दहा वेळा द्यायची, सगळी मिळून पाच मिनिटं जातात. बाकीचा दिवस कागद इकडून तिकडं नेण्यात जातो. सूचनेची वही वर्गावर्गांत फिरवायची, सह्या घ्यायच्या, वरून आलेलं पत्र हेडसरांच्या टेबलावर ठेवायचं, हेडसरांनी बघितलं की क्लार्ककडं न्यायचं. मी बावीस वर्षं कागद नेले. कुठल्या कागदाला हेडसर चष्मा लावणार आणि कुठला तसाच फाईलला जाणार, हे मला लांबून कळायचं. वाचताही येतं मला. चौथी पास आहे मी. माझे मालक शाळेत शिपाई होते, ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं.

मार्गासनीच्या पुढं, वेल्ह्याच्या रस्त्याला आमचं हायस्कूल. त्याचं नाव लिहीत नाही. आमचे क्लार्क तांबोळी भाऊसाहेब भोरचे. ते रिटायर झाले त्या दिवशी मला म्हणाले, "हौसाबाई, तुमी लिहा. दिवाळी अंकात असले अनुभव छापत्यात. तुमच्याइतकी शाळा कुणी बघितली न्हाई." मी मान हलवली. चार माणसांत माझा आवाज फुटत नाही, पण कागदावर फुटतो. हे लिहिते आहे ते माझ्या वहीत राहील. छापून आलं तर सुमन वाचेल, आणि ते मला नको आहे.

सुमन आणि मी एका गावच्या, एका वर्गातल्या. चौथीपर्यंत एका तरटावर बसलो. तेव्हा चौथीची परीक्षा शेजारच्या गावी केंद्रावर असायची. गणिताच्या पेपराला ती माझ्या मागं बसली होती आणि मी पेपर जरा तिरका धरला होता. माझी सगळी गणितं तिनं उतरवली. निकाल लागला तेव्हा दोघींचे गुण सारखे. गुरुजी म्हणाले, सुमनचं अक्षर चांगलं, पहिला नंबर तिचा. तिचे वडील ग्रामसेवक. त्यांची बदली भोरला झाली आणि ती पुढं शिकत गेली. आमच्या गावात पाचवी नव्हती. माझं तिथंच थांबलं.

त्यानंतर ती मला दिसली ती एकदम आमच्या शाळेच्या व्हरांड्यात. पंचवीस वर्षं मधे गेली होती. भोरच्या एका कॉलेजात शिकवत होती आणि पुण्यात एका सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती. कापूरहोळला गाडी बदलून आली होती. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पिशवी, मनगटावर बारीक घड्याळ. हेडसर खुर्चीतून उठले. आमचे हेडसर शिक्षणाधिकारी सोडून कुणासाठी उठत नसत. मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले तर तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "अगं, हौसा ना तू?"

हेडसर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "व्हय, मॅडम."

ती हसली. "मॅडम काय? एका वर्गातल्या आम्ही, सर."

तिनं हे चांगल्या मनानं सांगितलं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या दिवसापासून शाळेतल्या प्रत्येकाला माहीत झालं की एका वर्गात बसलेल्या दोघींपैकी एक काय झाली आणि दुसरी काय. चित्रकलेचे सर तर सरळ विचारून गेले, "मावशी, मग तुमी का न्हाई शिकला?" त्यांना काय सांगायचं?

तिचा विषय तिनं हेडसरांना समजावून सांगितला. मी दाराशी उभी होते. शिक्षकांवर कामाचा ताण किती येतो, त्या ताणात काही जण मोडतात आणि काही तगून राहतात ते कशामुळं, आणि परीक्षेत जी कॉपी चालते तिचा ह्या ताणाशी काय संबंध, असा तिचा अभ्यास. हेडसर म्हणाले, "आमच्याकडं कॉपी नसते." सुमन म्हणाली, "म्हणूनच आले, सर. नसते तिथं का नसते, तेही बघायचं आहे." हेडसरांना ते आवडलं. मला मात्र ऐकून घाम आला.

त्याचं कारण सांगते. दहावीच्या परीक्षेत तीन तास मुलांना बाकावरून उठता येत नाही, म्हणून पाणी देणारी बाई बादली आणि ग्लास घेऊन बाकाबाकाशी जाते. वर्गातल्या पर्यवेक्षकाशिवाय बाकांमधून फिरायची मोकळीक असलेलं माणूस म्हणजे ही पाणीवाली. आमच्या केंद्रावर ती मी. हे सगळ्या गावाला माहीत असतं, त्यामुळं मार्च महिन्यात माझ्याशी सगळे गोड बोलायचे. मी कधी कुणाचं काही नेलं नव्हतं. सुमन यायच्या चार वर्षं आधी एकदाच नेलं, कदम सरांसाठी.

कदम सर गणिताचे. नवीन लागलेले, अंगानं बारीक, शिकवायला जीव तोडणारे. त्या वर्षी हेडसरांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, "निकाल घसरला की मुलं दुसऱ्या शाळेत जातात. मुलं गेली की तुकडी तुटते. तुकडी तुटली की एक शिक्षक जादा ठरतो. सगळ्यात नवीन कोण, ते तुमचं तुम्ही बघा." गणिताच्या पेपरादिवशी कदम सर प्रयोगशाळेत बसून गणितं सोडवत होते. त्यांनी चार चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या. त्यांचे हात इतके थरथरत होते की मला नाही म्हणता आलं नाही. मी वर्गाच्या दारापर्यंत गेले आणि भरारी पथकाची जीप आवारात शिरली.

व्हरांड्यात पिण्याच्या पाण्याचा माठ होता. मी झाकण काढून चिठ्ठ्या आत टाकल्या आणि डाव घालून पाणी ढवळलं. पथकाचे साहेब उन्हातून आले होते. म्हणाले, "बाई, आधी पाणी द्या." मी त्याच माठातलं दिलं. शाईनं पाणी किंचित निळसर झालं होतं. साहेब दोन ग्लास प्याले आणि म्हणाले, "पाणी गोड आहे इथलं." तांबोळी भाऊसाहेब पुढं कितीतरी वर्षं म्हणायचे, "हौसाबाईंनी साहेबाला सगळं गणित पाजलं." सगळे हसायचे. कदम सर हसायचे नाहीत. त्या वर्षापासून फळ्यावर लिहिताना त्यांच्या हातून खडू पडायला लागला. मुलं मोजायची, आज किती वेळा पडला ते.

तर ह्या शाळेत सुमन ताण आणि कॉपीचा अभ्यास करायला आली होती. तिनं साठ फॉर्म आणले होते, भोरला झेरॉक्स काढलेले, एकेक सात पानांचा. आमची शाळा आणि वेल्ह्याकडच्या आणखी दोन शाळा. तिला सारखं यायला जमणार नव्हतं, म्हणून वाटायचं आणि गोळा करायचं काम तिनं हेडसरांना विचारून माझ्याकडं दिलं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "हौसा, एकच गोष्ट सांभाळ. प्रत्येकानं एकट्यानं भरायचा. एकमेकांचं बघून भरला तर माझं सगळं वाया जाईल."

मी म्हणाले, "बरं."

मग मी विचारलं, "मी पण भरू का एक?" कसं विचारलं गेलं मला ठाऊक नाही. ती घाईत होती, गाडी यायची वेळ झाली होती. म्हणाली, "नाही गं, तुला कशाला त्रास? हे फक्त शिक्षकांसाठी आहे."

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. वरून माहितीचे कागद सारखे येतात. किती शौचालयं, किती झाडं लावली, कुणी कुठलं प्रशिक्षण घेतलं. प्रत्येक शिक्षकानं आपापल्या डोक्यानं भरलं तर दहा जणांचं दहा तऱ्हेचं होतं आणि कागद परत येतो. म्हणून तांबोळी भाऊसाहेब आधी एक फॉर्म पेन्सिलीनं भरायचे, हेडसर त्यावर नजर टाकायचे आणि तो शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्याला टाचणीनं लावला जायचा. त्याला नमुना म्हणायचे. सगळ्यांनी नमुना बघून भरायचं. ह्यात कुणी लबाडी करतंय असं कुणाच्या मनात येत नसे. कागद परत येऊ नये, एवढंच.

सुमनच्या फॉर्मचाही नमुना झाला. मी चहा घेऊन गेले तेव्हा भाऊसाहेब प्रश्न वाचून दाखवत होते.

"सर, कामाचा ताण जाणवतो का. नेहमी, कधीकधी, अजिबात नाही."

"कुणाला?"

"शिक्षकाला."

"अजिबात नाही लिहा. कधीकधी लिहिलं तर वरून विचारतील, कधी ते सांगा."

"परीक्षेत गैरप्रकारास मदत करण्याचा दबाव आला आहे का."

हेडसरांनी चष्मा काढून पुसला. "भाऊसाहेब, हा काय प्रश्न झाला? नाही."

"रात्री झोप नीट लागते का."

"लागते की."

"तुमची न्हाई हो सर, शिक्षकाची."

"त्यांनाही लागते. लिहा."

चहा ठेवून मी बाहेर आले. तेव्हाच बोलायला हवं होतं. हेडसरांपुढं माझं तोंड उघडत नाही, हे खरं आहे, आणि पुढं पुष्कळ दिवस मी स्वतःला हेच कारण सांगत होते. पण दुसऱ्या दिवशी मी उरलेले फॉर्म घेऊन वेल्ह्याच्या गाडीत बसले, तेव्हा भाऊसाहेबांनी नमुन्याची एक प्रत माझ्या पिशवीत घातली. "तिकडं कुणी अडलं तर दाखवा." ती प्रत मला पिशवीतच ठेवता आली असती. तिथं ना हेडसर होते, ना भाऊसाहेब. दोन्ही शाळांत मी ती काढून टेबलावर ठेवली. कुणी अडलं नव्हतं. कुणी मागितलीही नव्हती.

पंधरा दिवसांनी साठही फॉर्म जमले. घरी आणून मी ते चाळले. पानापानावर सारख्या खुणा. चित्रकलेच्या सरांचं लग्न अजून ठरायचं होतं, त्यांच्या फॉर्मवर लिहिलं होतं, विवाहित, मुलं दोन. भाऊसाहेबांनी नमुन्यात स्वतःचा संसार लिहिला होता आणि सरांनी तोही उतरवला होता. मला हसू आलं. मग हसू गेलं आणि बरं वाटलं. काय बरं वाटलं ते सांगायला लाज वाटते, पण वही माझी आहे. सुमन फसणार, ह्याचं बरं वाटलं.

ती फॉर्म न्यायला आली. गठ्ठा बघून तिनं माझा हात हातात घेतला. "तू नसतीस तर माझं काय झालं असतं, हौसा?" मी हात सोडवून घेतला आणि घंटा द्यायला गेले. घंटेला अजून दहा मिनिटं होती.

शिमगा झाल्यावर ती परत आली. ह्या वेळी हेडसरांच्या खोलीत न जाता थेट माझ्याकडं आली. इस्त्री नव्हती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. सायकलींच्या शेडमागं आम्ही उभ्या राहिलो. तिच्या गाईड सरांनी फॉर्म बघितले होते. साठ माणसं एकसारखी उत्तरं देत नाहीत, असं त्यांनी म्हटलं. त्यांची खात्री झाली होती की सुमननं गावोगाव फिरायचा कंटाळा करून सगळे फॉर्म घरी बसून स्वतः भरले.

"कॉपीवर अभ्यास करणारी बाई स्वतः कॉपी करते, असं म्हणाले मला. आठ दिवसांत माझं नाव काढणार आहेत. कॉलेजात कळलं तर नोकरीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही." तिचा आवाज बारीक झाला. "हौसा, तू वाटलेस, तूच गोळा केलेस. माझ्याबरोबर पुण्याला येशील? फक्त एवढं सांग की मी भरले नाहीत."

मी म्हणाले, "मला बोलता येत न्हाई मोठ्या माणसांम्होरं."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तरी ये."

दोन दिवस मी काही ठरवलं नाही. भाकरी करपायची. जे व्हावंसं वाटलं होतं तेच होत होतं, फक्त ते इतकं मोठं होईल असं वाटलं नव्हतं. एखादा गुण कमी मिळेल, गुरुजी दुसरीला पहिला नंबर देतील, एवढीच माझी अक्कल होती. तिसऱ्या दिवशी रजा टाकली. नसरापूर फाट्यावर ती भोरच्या गाडीत बसून आली आणि मी त्याच गाडीत चढले.

गाईड सर म्हातारे होते, पांढरे केस, बोलणं हळू. टेबलावर आमचे फॉर्म पसरलेले. मला बसा म्हणाले. मी उभीच राहिले, सवयच तशी. त्यांनी एक फॉर्म उचलला.

"हे चित्रकलेचे शिक्षक. ह्यांना मुलं किती?"

"लगीन न्हाई झालं त्यांचं."

"मग ही दोन कुठून आली?"

"ती भाऊसाहेबांची हायेत," मी म्हणाले आणि मग नमुना म्हणजे काय ते सांगितलं. मोडत, अडखळत, जमिनीकडं बघत. पण सांगून झालं.

सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही सांगता ते खरंही असेल. पण ह्या तुम्हाला घेऊन आल्या आहेत. तुम्ही ह्यांची बालमैत्रीण. मी कसा विश्वास ठेवू?"

"मैत्रीण न्हाई मी तिची," मी म्हणाले.

सुमननं माझ्याकडं बघितलं.

"तिनं मला बजावलं हुतं, एकट्यानं भरायला सांग म्हणून. तरी वेल्ह्याकडच्या शाळांत नमुना मीच नेला. कुणी मागितला नव्हता, म्याच काढून ठिवला. फॉर्म सगळे सारखे झालेत हे घरी बसून बघितलं, तरी सांगितलं न्हाई."

"का?"

मला वाटलं, आता नाही सांगितलं तर ह्यांना काहीच पटणार नाही.

"तिचं बिघडावं म्हणून."

सरांनी फॉर्म खाली ठेवला. सुमनकडं न बघता म्हणाले, "पुन्हा करा. ह्या वेळी स्वतः जा." झालं एवढंच.

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली. कात्रजचा घाट उतरल्यावर मीच म्हणाले, "चौथीला तू माझी गणितं बघून लिहिलीस. आणि पहिला नंबर तुझा आला."

तिनं आठवायचा प्रयत्न केला. खरंच केला, मला तिच्या कपाळावर दिसत होतं. मग म्हणाली, "मला आठवत नाही, हौसा." थोड्या वेळानं म्हणाली, "लिहिली असतील." जे मी पंचवीस वर्षं जपून ठेवलं होतं त्याचा तिच्याकडं मागमूससुद्धा नव्हता. फाट्यावर मी उतरले. ती हात हलवत होती की नाही, ते मी वळून बघितलं नाही.

पण ती पुन्हा आली, आणि आमच्या शाळेपासूनच सुरुवात केली. हेडसरांना काय सांगितलं कोण जाणे, नमुन्याबद्दल त्यांच्या कानावर काही गेलं नाही. तिनं प्रयोगशाळा मागून घेतली. एकेका शिक्षकानं आत जायचं, दार लावून बसायचं, फॉर्म आधी नाही, आधी नुसतं बोलायचं. दारावर कुणी नको यायला म्हणून शिपाई हवा होता. तिनं हेडसरांकडं माझंच नाव सांगितलं. माझ्याशी कामापुरतं बोलत होती. "पुढच्यांना पाठव." "पाणी ठेव आत." पहिल्यासारखं अगं हौसा नव्हतं. ते मी घालवलं होतं.

पुढं तिला पदवी मिळाली. शाळेत पेढे आले, मीच ते वर्गावर्गांत वाटले. मला सगळे विचारत होते, मैत्रीण डॉक्टर झाली, कसं वाटतं. चांगलं वाटतं म्हणाले. बंद गळ्याच्या कोटातल्या कुणा पाहुण्याच्या हातून ती कागद घेतानाचा फोटो भाऊसाहेबांनी पेपरातून कापून मला दाखवला. तिनं पदवीचा काळा गाऊन घातला होता. मी तो फोटो नीट बघितला आणि त्यांना परत दिला. त्या गाऊनमधे मी कशी दिसले असते हे बघत होते, असं आज लिहिता येतं.

पण माझ्या मनात जे रुतून बसलं आहे ते त्या पेढ्यांचं नाही. ते प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच्या दुपारचं आहे.

कदम सर आत गेले. बाकीचे अर्ध्या तासात बाहेर येत होते. हे तास झाला तरी येईनात. मी स्टुलावर बसून होते. आतून शब्द कळत नव्हते, फक्त एक आवाज खूप वेळ बोलत होता आणि दुसरा गप्प होता. मधे तो बोलणारा आवाज थांबला. मला वाटलं संपलं. मग पुन्हा सुरू झाला. सहावा तास संपायची घंटा मी दोन मिनिटं उशिरा दिली, बावीस वर्षांत एकदाच.

सर बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि चेहरा धुतल्यासारखा झाला होता. मला म्हणाले, "मावशी, पाणी द्या." मी दिलं. त्यांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला. हात थरथरत नव्हते.

मी म्हणाले, "लई वेळ लागला, सर."

"हो." त्यांनी ग्लास परत दिला. "सगळं सांगून टाकलं. माठाचंसुद्धा. तुमचं नाव नाही घेतलं."

"काय ईचारलं त्यांनी एवढं?"

"काही विशेष नाही. सर, झोप लागते का, असं विचारलं." ते थोडे हसले. "चार वर्षांत कुणी विचारलं नव्हतं."

ते वर्गावर गेले. मी ग्लास हातात घेऊन उभी राहिले. ह्या माणसाला मी रोज दोन वेळा पाणी देत होते. त्यांचा खडू पडला की तो उचलून देणारी मी. त्यांच्या चिठ्ठ्या पाण्यात कालवल्या त्या मी. त्यांना झोप लागत नाही हे शाळेत जर कुणाला माहीत होतं तर ते मला. सर, झोप लागते का. एवढं विचारायला पाचवी शिकावी लागत नव्हती, भोरला जावं लागत नव्हतं. तेवढं मला चौथीतही येत होतं.

सुमनच्या पदवीचा हेवा मी कधीतरी पचवीन. त्या एका प्रश्नाचा अजून पचत नाही.

आतून तिनं हाक मारली, "पुढच्यांना पाठव." मी ग्लास विसळून पालथा ठेवला आणि चित्रकलेच्या सरांना बोलवायला गेले.